आवरलेलं घर

"चावत नाही तो, नुसता चाटतो," बाई सोफ्यावरून म्हणाल्या.

नेव्ह प्राउसला उत्तर देणं शक्य नव्हतं. तो त्यांच्या बैठकीच्या खोलीत पालथा पडला होता. उजवा गाल गालिच्याला टेकलेला, एक हात कोपरापर्यंत गॅसच्या हीटरच्या पोटात, आणि घरचा म्हातारा लॅब्रडॉर त्याचा डावा कान मन लावून चाटत होता. बर्नरच्या मागे उंदरानं संसार थाटला होता. कापूस, कुत्र्याचे केस, चॉकलेटचा चंदेरी कागद, असं सगळं नेव्हनं बोटांनी ओढून बाहेर काढलं आणि उठून बसत बाईंच्या पुढे धरलं.

"तुमचा भाडेकरू. भाडं देतो की नाही?"

बाई हसल्या, मग लाजल्या, मग सांगू लागल्या की एरवी घर असं नसतं हो, आज सकाळीच सगळं झाडलंय. नेव्हनं मान डोलावली. हे वाक्य तो रोज ऐकत आला होता.

त्याच्या शर्टाच्या खिशावर हल्ली 'होम सर्व्हिस इंजिनियर' असं शिवलेलं असायचं. तो या कामाला लागला तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमधले लोक त्याला हीटरवाला म्हणत, आणि आता साठीला टेकला तरी तेच म्हणत होते. पदवी वाढली ती खिशावर. गुडघ्यांना त्याचा पत्ता नव्हता, ते दर जूनमध्ये तिथली थंडी सुरू झाली की ठरल्या वेळी कुरकुरायला लागत. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात गुडघे टेकायचे, काजळी काढायची, ज्योत निळी आहे की पिवळी ते बघायचं आणि हात पुसून पुढच्या घरी जायचं, असा हा धंदा. लोक त्याच्यासाठी घर आवरून ठेवत. कुणी बाटल्या कपाटात ढकलत, कुणी नवऱ्याला अंघोळीला पिटाळत, एक आजीबाई तर हीटरवाला येणार म्हणून लिपस्टिक लावून बसत. नेव्हची बायको लॉर्ना त्याला चिडवायची, "अर्ध्या गावाच्या बैठकीच्या खोल्या तुला तोंडपाठ आहेत, पण त्यात माणसं कशी राहतात ते विचारलं तर शून्य."

नेव्हला हा टोमणा कधी टोचला नाही. उलट त्याला त्यात आपली रीतभात दिसायची. ज्या खोलीत हीटर असेल ती खोली आपली. त्यापलीकडे पाऊल टाकायचं ते कुणी बोलावलं तरच. कंपनीतली नवी पोरं बूट वाजवत घरभर फिरत, निजायच्या खोल्यांची दारं उघडत, न्हाणीघरात डोकावत, आणि मग लोक फोन करून तक्रार करत. नेव्हबद्दल तक्रार कधीच आली नव्हती. म्हातारी माणसं तर नाव घेऊन त्यालाच मागत.

तो व्हॅनमध्ये हत्यारं टाकत होता तेवढ्यात ऑफिसातून कोरलचा फोन आला. पुढच्या गिऱ्हाइकानं आज नको म्हणून कळवलं होतं, मधला वेळ मोकळा होता.

"मग ट्रेलोरांकडे आत्ताच जाऊन येतो," नेव्ह म्हणाला. "दुपारचे आहेत ते."

"आधी फोन कर हं. नाहीतर म्हातारी मला फाडून खाईल."

त्यानं फोन लावला. घंटा वाजत राहिली. आयरिस ट्रेलोर फोन उचलायची ती दुसरी घंटा पुरी व्हायच्या आत, फोनच्या शेजारीच बसून असल्यासारखी. नेव्हनं पुन्हा लावला. पुन्हा नुसत्या घंटा. बाई बागेत असतील, असं त्याला वाटलं. मग त्यानं काचेतून बाहेर पाहिलं. धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरच्या घराचं छप्पर दिसत नव्हतं आणि गवतावरचं दहिवर अजून पांढरंच होतं. अशा सकाळी ऐंशीची बाई बागेत काय करणार. त्यानं व्हॅन सुरू केली.

ट्रेलोरांचं घर त्याच्या आवडीचं. वर्षातून एकदा, हिवाळा तोंडावर आला की तिथं जायचं आणि त्या घरात शिरलं की बरं वाटायचं. बाकीच्या म्हाताऱ्यांच्या घरांना कोंदट वास असतो, ओल्या लोकरीचा आणि उकडलेल्या कोबीचा. आयरिसच्या घरात पडदे हलत असायचे, लाकडाला पॉलिशचा वास असायचा, आणि हवा बाहेरच्यासारखी स्वच्छ. क्लेम, तिचा नवरा, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस, हीटरशेजारच्या खुर्चीत बसून नेव्हची फिरकी घ्यायचा. फुटीत, म्हणजे तिथल्या फुटबॉलमध्ये, नेव्ह ज्या संघाच्या मागे होता तो संघ हरण्यातच हुशार, आणि क्लेमला प्रत्येक पराभव तपशिलानं आठवायचा.

म्हणजे पूर्वी आठवायचा. तीन हिवाळ्यांमागे क्लेमनं त्याला एकच प्रश्न दोनदा विचारला होता. पुढच्या वर्षी त्यानं फुटीचा विषयच काढला नाही, टोमॅटोची रोपं कुठं ठेवली ते शोधत राहिला, भर हिवाळ्यात. गेल्या वर्षी तो नेव्हकडे बघून हसला आणि तसाच बघत राहिला. वर्षातून एकदाच दिसणारा माणूस असा पायऱ्या उतरल्यासारखा खाली जाताना दिसतो. घरच्यांना कळत नाही, कारण ते रोज बरोबर उतरत असतात. यंदा कोरलनं सांगितलं होतं की सोमवारपासून क्लेम क्रेसिकच्या वृद्धाश्रमात जाणार आहे. डॉक्टरांच्या मते मेंदूच थकला होता. नेव्हला वाईट वाटलं, पण ऐंशी उलटलेल्या माणसाबद्दल वाटतं तेवढंच.

घरासमोर व्हॅन लावली तेव्हा त्याला काहीतरी चुकल्यासारखं झालं. काय ते पटकन कळेना. घर तेच होतं, पुढची गुलाबाची छाटलेली झुडपं तीच. मग त्याच्या लक्षात आलं की सगळ्या खिडक्या बंद आहेत आणि काचांच्या आतून पाणी ओघळतंय. धुक्यात घर गच्च मिटलेलं दिसत होतं. या घराची खिडकी त्यानं आजवर कधी बंद पाहिली नव्हती.

दार वाजवलं. आत रेडिओ चालू होता. दुसऱ्यांदा वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवलं. शेवटी सपाता घासत येण्याचा आवाज झाला आणि आयरिसनं दार उघडलं. अंगावर गाऊन, केस विंचरलेले नाहीत. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"नेव्ह," ती म्हणाली. "तू दुपारी यायचा होतास."

"फोन केला होता मिसेस ट्रेलोर. उचलला नाहीत."

"वाजला का? मला वाटलं रेडिओत वाजतोय." तिनं कपाळाला हात लावला. "डोकं फार दुखतंय रे सकाळपासून. थांब, आत येऊ नकोस एवढ्यात. घर उघडलेलं नाही मी अजून. मला जरा खिडक्या उघडू दे, मग ये."

हे वाक्य नेव्हच्या कानावरून गेलं आणि परत फिरून आलं. घर उघडलेलं नाही अजून.

"एरवी तुम्ही उघडता?" त्यानं विचारलं. "मी यायच्या आधी?"

"मग? माणूस घरी यायचा म्हणजे घर वाऱ्यावर टाकायला नको? आई आमची फादर येणार असले की पहाटेच सगळी दारं सताड उघडायची." ती चौकटीला धरून उभी होती. "कोंडलेल्या घरात पाहुण्याला बोलावतात का कधी."

घराच्या आतून एक घरघर येत होती. जड, सारखी, न थांबणारी. त्या घरात त्यानं ती कधी ऐकली नव्हती.

"हा आवाज कसला?"

"न्हाणीघरातला पंखा. बुरशी धरते ना भिंतींना, म्हणून दिवसभर चालूच असतो. कुणी आलं की बंद करते मी, नाहीतर मेलं बोललेलं ऐकू येत नाही."

नेव्हनं कमरेला अडकवलेला विषारी वायू मोजायचा मीटर काढून हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, न विचारता, एका बाईला बाजूला सारून तिच्या घरात शिरला.

दोनच पावलं टाकली आणि मीटर ओरडायला लागला. आकडा चढत होता. नेव्ह चालत होता आणि आकडा चढत होता, रोज दहा घरांत जो आकडा शून्यावर झोपलेला असतो तो. बैठकीच्या खोलीचं दार उघडताच दमट, उबदार हवेनं त्याचं तोंड माखलं. हीटर पेटलेला होता. समोर खुर्चीत क्लेम मान टाकून झोपला होता, तोंड अर्धवट उघडं, आणि गाल छान गुलाबी, थंडीतून खेळून आलेल्या पोरासारखे. नेव्हनं तो गुलाबी रंग ट्रेनिंगच्या वर्गात फोटोत पाहिला होता. त्या फोटोतली माणसं जिवंत नव्हती.

त्यानं आधी हीटर बंद केला. मग खिडकीचा खटका ओढला, तो निघेना म्हणून खुर्चीची उशी मुठीला गुंडाळून काच फोडली. मागून आयरिस काहीतरी म्हणत होती, काचेबद्दल. तो क्लेमच्या काखेत हात घालून त्याला ओढत होता आणि क्लेम हलत नव्हता; एवढा मोठा देह, ओल्या वाळूच्या पोत्याइतका जड.

"बाहेर व्हा तुम्ही," नेव्ह म्हणाला. "आधी बाहेर व्हा. अंगणात."

"अरे पण गाऊनवर कशी जाऊ मी अंगणात? शेजारी बघतील."

"बघू देत."

त्याचा आवाज असा तिनं कधी ऐकला नसावा. ती गेली. नेव्हनं क्लेमला गालिच्यावर उतरवलं आणि पाठमोरा वाकून, त्याच्या काखा धरून, फरफटत व्हरांड्यात आणलं, तिथून पायऱ्यांखाली ओल्या गवतावर. त्याच्या स्वतःच्या कपाळात ठोके पडत होते. क्लेमची छाती हलत होती. हलत होती, एवढंच तो बघत राहिला, आणि फोनवरच्या मुलीला पत्ता सांगत राहिला.

रुग्णवाहिका येईपर्यंत करण्यासारखं काही उरलं नाही. व्हॅनमधली ताडपत्री त्यानं क्लेमच्या अंगावर घातली, आपलं जाकीट आयरिसच्या. ती पायरीवर बसली होती. गार हवेत तिचा चेहरा हळूहळू जागा होत होता, आणि नेव्हला ते बघवत नव्हतं, कारण पुढं काय येणार ते त्याला दिसत होतं.

"काय झालंय रे?" तिनं विचारलं.

त्या क्षणी त्याला दुसरंही एक उत्तर देता आलं असतं. हीटर म्हातारा झाला, आज अचानक बिघडला, नशीब मी लवकर आलो. तिनं ते मानलं असतं. त्याचे आभार मानले असते. कंपनीनं नवा हीटर बसवला असता, क्लेम सोमवारी क्रेसिकला गेला असता आणि तिथं बसून राहिला असता, थकलेल्या मेंदूचा म्हातारा म्हणून, कायमचा. डॉक्टरांना कुणी सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं की हे आजचं नाही. आणि सांगू शकणारा माणूस या जगात एकच होता.

"विषारी वायू घरात येत होता," तो म्हणाला. "हीटरचा धूर धुराड्यातून वर जायला हवा. पण घर बंद असलं आणि तो पंखा चालू असला, की पंखा घरातली हवा बाहेर ओढतो. मग बाहेरची हवा येणार कुठून? धुराड्यातून. ती खाली येते ती धूर घेऊनच येते. वास नसतो त्याला."

"पण तू तर दरवर्षी तपासतोस."

"घर बंद करून आणि पंखे लावून तपासायचं असतं."

नेव्ह बोलत राहिला, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "मी बैठकीच्या खिडक्या लावायचो. बाकीचं तुम्हाला विचारायचो. बाकी सगळं बंद आहे ना, असं."

"हो की," आयरिस म्हणाली. "आणि मी हो म्हणायचे. मला वाटायचं तुला वाऱ्याचा झोत लागतोय. म्हणून मग मी मधलं दारही ओढून घ्यायचे, तुला थंडी वाजू नये म्हणून."

नेव्हनं खाली मान घातली. दरवर्षी ते दार तिनं किती हळूच लावलेलं असायचं, आवाजसुद्धा यायचा नाही. तो आत धुराड्याची ओढ बघायला धुराची कांडी घेऊन गुडघ्यांवर बसलेला, धूर छान सरळ वर जातोय, आणि दारापलीकडे घरभर वारा खेळतोय. आत एकदा चक्कर मारली असती तर सगळ्या उघड्या खिडक्या दिसल्या असत्या. पण लोकांच्या निजायच्या खोल्यांत जायचं नाही, ही त्याची रीत. तिनं त्याच्यासाठी घर मोकळं करायचं आणि त्यानं तिच्यासाठी नजर आवरायची. इतकी सभ्य माणसं दोघं, आणि मधल्या मध्ये क्लेम.

"पंखा कधी बसवला?" त्यानं विचारलं. विचारायलाच हवं होतं, पुढं डॉक्टर विचारणार होते.

आयरिस आठवू लागली. तिच्या ओठांची हालचाल होत होती. "जनीननं दिला ना. तीन-चार वर्षांमागच्या ख्रिसमसला. आमची मुलगी. जावई म्हणाला, दुकानातला सगळ्यात जोरकस आणलाय, आता बुरशीचं नाव राहणार नाही." ती थांबली. "त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात क्लेम ब्रेड आणायला गेला आणि रस्ता चुकला."

गवतावर क्लेमनं कण्हल्यासारखा आवाज केला. दोघांनी तिकडे पाहिलं. तो पुन्हा शांत झाला.

"उन्हाळ्यात बरा असायचा," ती म्हणाली. आता ती नेव्हशी बोलत नव्हती. "जनीनकडे जीलाँगला आठवडाभर राहिलो, तर तिचं अख्खं कुंपण रंगवून दिलं यानं. डॉक्टर म्हणाले असं होतं कधीकधी, हवापालट मानवतो. घरी आलो की चार दिवसांत पुन्हा खुर्ची. मी म्हणायचे, मेल्या, तुला घरचंच काय वाईट वाटतं."

दूरवर सायरन ऐकू आला, धुक्यामुळे कुठल्या दिशेनं येतोय ते कळत नव्हतं. आयरिसनं एकदम त्याची बाही पकडली. तिच्या बोटांत आता जोर आला होता.

"जनीन येईल आत्ता. वडिलांचे कपडे घेऊन येणार आहे, आश्रमासाठी. आठवडाभर बसून प्रत्येक शर्टावर नावाची पट्टी शिवलीय तिनं." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "पंख्याचं तिला सांगू नकोस."

"चौकशी होईल मिसेस ट्रेलोर. तपासनीस येतील, ते पंखा पाहतीलच. मला ते लपवता येणार नाही."

"लपव असं कुठं म्हणतेय मी. आज नको. आजचा दिवस नको."

रुग्णवाहिकेची माणसं आली, मागोमाग अग्निशमन दलाचा बंब आला. तोंडाला मुखवटे लावलेली माणसं घरात शिरली आणि दिसेल ती खिडकी उघडत सुटली. क्लेमला स्ट्रेचरवर घेतलं, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. आयरिसलाही एक दिला. तो तिनं हातातच धरून ठेवला, मग रुग्णवाहिकेतल्या मुलीनं दटावल्यावर लावला. नेव्हनं त्या मुलीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आजचं आणि मागच्या हिवाळ्यांचं. ती लिहून घेता घेता थांबली आणि स्ट्रेचरकडे बघून म्हणाली, "म्हणजे हे सगळं स्मृतिभ्रंश नसेलही."

"परत येईल का सगळं?"

"सगळं नाही येत बहुतेक," ती म्हणाली. "थोडं येतं. किती ते कुणी सांगू शकत नाही."

शेजारचे लोक कुंपणापाशी जमले होते. धुकं विरत चाललं होतं. कुणीतरी आयरिसला घोंगडी आणून दिली आणि ती गाऊन झाकून घेऊन स्ट्रेचरशेजारी उभी राहिली, क्लेमचा हात धरून. नेव्हला तिथं उभं राहवत नव्हतं आणि निघताही येत नव्हतं. बंबावरच्या माणसानं त्याला थांबायला सांगितलं होतं. सांगितलं नसतं तरी तो थांबला असता.

जनीनची गाडी फाटकात आडवीच उभी राहिली. पन्नाशीची बाई, दातांच्या दवाखान्याचा गणवेश, गाडीचं दार उघडंच टाकून धावत आली. मागच्या सीटवर पुठ्ठ्याचा खोका होता आणि वरच घडी घातलेला चौकडीचा शर्ट. ती स्ट्रेचरपाशी पोचली, आईला काही विचारणार, तेवढ्यात क्लेमनं डोळे उघडले. तो आयरिसकडे पाहत होता. बराच वेळ पाहत होता. मग त्यानं हात वर करून मास्क थोडा बाजूला सरकवला.

"आयरिस," तो म्हणाला. घोगरा, पण नीट आवाज. "तो नेव्ह का तिथं थंडीत उभा आहे? त्याला चहा विचारलास की नाही?"

आयरिसनं ओठ घट्ट मिटले. नंतर ती रडली, पण त्या वेळी नाही. ईस्टरपासून तिला तो 'सिस्टर' म्हणत होता, दवाखान्यातल्या नर्सला म्हणावं तसं.

"विचारते हं," ती म्हणाली. "आत्ता विचारते."

रुग्णवाहिकेतल्या मुलीनं मास्क परत नीट बसवला. क्लेमचे डोळे मिटले. जनीन तिथंच उभी होती, तिच्या हातातल्या किल्ल्या वाजत होत्या आणि तिला ते कळत नव्हतं.

"पप्पांनी तुझं नाव घेतलं," ती आईला म्हणाली. "ममा, त्यांनी तुझं नाव घेतलं. सोमवारी मी त्यांना तिथं..." मग तिनं आजूबाजूला पाहिलं, बंब, फुटलेली काच, मुखवटे घातलेली माणसं, आणि तिचा आवाज बदलला. "हे झालं कसं? दरवर्षी तर माणूस येऊन बघून जातो ना?"

आयरिसनं मास्क काढला. ती तोंड उघडणार होती, आणि नेव्हला खात्री होती की ती खिडक्यांचं सांगणार, सगळं आपल्याच पदरात घेणार. तो पुढं झाला.

"तो माणूस मी," तो म्हणाला. "तपासणी माझ्याकडून चुकली. घर पूर्ण बंद करून बघायला हवं होतं, मी बघितलं नाही. तिन्ही वर्षं मीच ठीक आहे म्हणून सांगून गेलो."

जनीन त्याच्याकडे बघत राहिली. मग ती फार हळू बोलली.

"तुम्ही त्यांच्या खोलीत येऊन बसायचात. पप्पांशी गप्पा मारायचात. ते तुमच्यासमोर... तुम्हाला दिसत होतं ना ते?"

"दिसत होतं."

"आणि?"

"मला वाटलं वय झालं."

तिनं हात उचलला. नेव्हला वाटलं ती मारणार, आणि तो हलला नाही. पण तिनं खिशातून फोन काढला.

"नाव सांगा तुमचं. पूर्ण नाव. मी हे सोडणार नाही."

"जनीन," आयरिस म्हणाली.

"ममा, तू गप्प बस."

आयरिसनं नेव्हकडे पाहिलं. नेव्हनं किंचित मान हलवली, नको अशी. स्ट्रेचर गाडीत चढवत होते. तिला हात देऊन कुणी आत घेतलं, आणि ती क्लेमच्या पायाशी बसली, दाराकडे तोंड करून.

"नेव्हिल प्राउस," तो म्हणाला.

जनीन टाईप करू लागली. डोळे भरलेले असल्यामुळे तिला अक्षरं नीट दिसत नव्हती. ती पुसायची आणि पुन्हा टाकायची. नेव्ह थांबला. त्याला घाई नव्हती. तिचं झालं तेव्हा त्यानं वाकून फोनच्या पडद्याकडे पाहिलं.

"यू नाही," तो म्हणाला. "डब्ल्यू. पी, आर, ओ, डब्ल्यू, एस, आणि शेवटी ई."

तिनं एक अक्षर खोडलं आणि दुसरं घातलं. त्यानं पुन्हा एकदा वाचून पाहिलं आणि मान डोलावली.